अवजारघराची जमीन आणि तिच्यावरील लेप

बैलगाडीच्या काळांत गाडीच्या छपराखालची जमीन हा विचार करण्याजोगा विषय नव्हता. मुरूम टाकून दुरमुसानें चोपलेली व आठ-पंधरा दिवसांनीं शेणानें सारवलेली जमीन पुरेशी होई. कण्याला लावलेलें ओंगण चार थेंब गळलें तरी तें सारवणांत जिरून जाई, आणि पुढच्या सारवणाला जमीन पुन्हां नवी होई. आज त्याच छपराखालीं ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्या शेजारीं डिझेलचें पीप, वंगणाचा डबा, बॅटरी, फवारणीचा पंप, औषधांच्या बाटल्या आणि खताचीं पोतीं आहेत. जमीन मात्र अजून कोणाच्या खिजगणतींत नाहीं. आणि कधीं आलीच तर रंगाच्या दुकानांतील तक्ता पाहूनच येते. अवजारघराच्या जमिनीस कोणता लेप द्यावा हा प्रश्न दुकानाच्या फळीवर सुटणारा नसून तो आपल्याच जमिनीवर गुडघे टेकून सोडवावा लागतो, एवढेंच या लेखांत आमच्या सभासद बंधूंच्या मनावर ठसवावयाचें आहे.

हें सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास त्याच्या स्वतःच्या फजितीनें मिळाला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या अवजारघरांतील कोबा धुळीनें व तेलाच्या डागांनीं फारच खराब दिसूं लागला. वैशाखांत मीं इपॉक्सी नांवाचा राखी रंग आणविला, झाडूनें जमीन झाडून घेतली आणि दोन हात दिले. महिनाभर जमीन आरशासारखी चमकत होती. येणारा-जाणारा तारीफ करी. पुढें पावसाळा सुरू झाला, खालून ओल चढली, आणि आषाढ सरतां सरतां जागोजाग फोड आले. भाद्रपदांत ट्रॅक्टर बाहेर काढला तेव्हां टायरच्या नक्षीबरहुकूम रंगाचे पोपडे चाकाला चिकटून बाहेर आले. एवढ्यावर भागलें असतें तर पैशांचीच हानि होती. परंतु जेथें रंग शाबूत होता तेथें सांडलेल्या तेलावरून आमचा जुना गडी घसरून पडला व त्याचें मनगट मोडलें. ऐन रब्बीच्या पेरणींत त्याला दीड महिना हात गळ्यांत बांधून बसावें लागलें. गवंड्यास बोलावून जमीन दाखविली तेव्हां तो म्हणाला, “मालक, रंग तुम्हीं वरून लावलात, पण ओल तर खालून येत होती.” त्या एका वाक्यांत या विषयाचें निम्में शास्त्र आहे. दोष रंगाचा नव्हता. विचार न करणाऱ्याचा होता.

लेप निवडण्यापूर्वीं आपण स्वतःस तीन प्रश्न विचारावे : जमिनीवर काय सांडतें, जमिनीखालून काय येतें, आणि जमिनीवरून काय चालतें. या तिहींचीं उत्तरें प्रत्येकाच्या घरीं वेगळीं असतात. म्हणून शेजाऱ्याचा लेप आपल्याला चालेलच असें नाहीं.

प्रथम सांडणाऱ्या पदार्थांविषयीं. डिझेल व इंजिनचें तेल हीं सिमेंटला खात नाहींत. पण कोबा कितीही घोटलेला असला तरी तो सच्छिद्रच असतो; तेल त्यांत मुरतें आणि भेगांवाटे खालच्या मातींत उतरतें. अवजारघर विहिरीजवळ असल्यास हें तेल शेवटीं कोठें जाईल, हें सांगण्याची गरज नाहीं. वापरलेल्या तेलाची गणना केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत केलेली आहे. तेव्हां तें बांधावर ओतणें किंवा जमिनींत मुरूं देणें हा केवळ गबाळेपणा नव्हे. शेंगदाणा किंवा जवस यांच्या तेलाचा प्रकार याहून वेगळा आहे. त्यांतील आम्ल सिमेंटमधील चुन्याशीं संयोग पावतें व कोबा हळूहळू भुसभुशीत होतो.

बॅटरींतील पाण्याची जात आणखी निराळी. चार्ज केलेल्या बॅटरींतील द्रवांत गंधकाम्लाचें प्रमाण वजनानें शेंकडा ३५ च्या सुमारास असतें. तें सिमेंटवर पडलें कीं फसफस होते, चुन्याचें जिप्सम बनतें आणि कोब्याला खळगा पडतो. येथें पुष्कळांचा एक गैरसमज आहे. ‘शहाबादी फरशी टाकली म्हणजे चिंता मिटली’ असें ते समजतात. शहाबादी फरशी काय किंवा कोटा फरशी काय, दोन्ही चुनखडीचेच दगड होत. तेलाचा डाग त्या कोब्यापेक्षां कमी धरतील, परंतु आम्लापुढें त्यांची गत सिमेंटसारखीच होते.

खतांपैकीं अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचें ओलसर पाणी काँक्रीटचें मोठें शत्रु आहे. पोतें फुटून दोन पावसाळे तसेंच पडलें तर त्याखालची जमीन खरवडून निघते. गुऱ्हाळाच्या जागेंत काकवी व उसाचा रस, आणि दुधाच्या खोलींत आंबलेलें दूध, हींही सिमेंटला पोखरतात. ज्या गुळानें जुन्या लोकांचा चुना पक्का केला तोच गूळ सिमेंटला मानवत नाहीं. ओल्या सिमेंटांत साखरेचा अल्प अंश गेला तरी तें वेळेवर घट्ट होत नाहीं. म्हणून कोबा चालू असतां काकवीचीं भांडीं त्या बाजूला फिरकूं देऊं नयेत.

सर्वांत गंभीर बाब कीटकनाशकांची. त्यांनीं जमीन बिघडत नाहीं, माणूस बिघडतो. मातीच्या किंवा उघड्या कोब्याच्या जमिनींत मुरलेलें औषध कितीही पाणी ओतलें तरी धुवून निघत नाहीं. त्याच जमिनीवर मुलें अनवाणी खेळतात, कोंबड्या दाणे टिपतात, कधीं धान्याची रासही पडते. म्हणून जेथें औषध मापतात व पंप भरतात, तेवढी जागा तरी पाणी न पिणारीच असली पाहिजे. लेपाचा खर्च दुसऱ्या कोणत्या कारणासाठीं नाहीं केला तरी या कारणासाठीं करावाच, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न ओलीचा. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात जाईल अशा भेगा पडतात. या मातीवर सरळ टाकलेला कोबा दोन-तीन वर्षांत तडकणार, आणि कोबा तडकला कीं त्यावरील लेपही त्याच रेषेंत फाटणार. जगांतील कोणताही ताठ लेप हलती भेग झांकूं शकत नाहीं. यास्तव नवीन अवजारघर बांधणारानें काळी माती उकरून काढावी, मुरमाचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांनीं पाणी मारून चोपावा, त्यावर दगडाचें सोलिंग करून मुरमानें सांधे भरावे, आणि काँक्रीट टाकण्यापूर्वीं जाड पॉलिथीनचा कागद सांध्यावर एक वीत चढवून अंथरावा. हा कागद एकंदर खर्चांत नगण्य असतो. पण ओल अडविण्याचें जें काम तो खालून करतो तें वरून लावलेला महाग लेपही करूं शकत नाहीं.

जुना कोबा असेल तर त्याच्या खालीं कागद घालतां येत नाहीं, पण परीक्षा करतां येते. दीड फूट लांब व दीड फूट रुंद असा पॉलिथीनचा पारदर्शक तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या. एक रात्र व अर्धा दिवस तसाच ठेवून मग उचलून पाहावा. आंतून थेंब जमले असतील किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर त्या जमिनीवर इपॉक्सीसारखा हवाबंद लेप लावूं नये. ही परीक्षा वैशाखांत घेऊन फसवणूक होते. ती पावसाळा संपतां संपतां घ्यावी. मीं ती घेतली असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

तिसरा प्रश्न जमिनीवरून काय चालतें हा. शेतांतून तापून आलेल्या टायरखालीं हलका रंग मऊ होतो, रबर त्याला धरून ठेवतें आणि गाडी पुढें सरकली कीं रंग उचलून येतो. नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरचें पातें आदळलें तर कोणताही लेप फुटतो. अशीं औतें जेथें टेकतात तेथें जुन्या टायरचे तुकडे किंवा लांकडी फळ्या टाकाव्या. ज्या कामाला फळी पुरते तेथें रसायन कशाला?

आतां लेपांच्या जातींकडे वळूं.

पहिली जात सिलिकेटच्या द्रावणाची. सोडियम किंवा लिथियम सिलिकेट कोब्यावर ओतून पसरलें म्हणजे तें आंत शिरून सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशीं संयोग पावतें व वरचा थर कठीण करतें. धूळ उठणें थांबतें. हा खरोखर लेप नव्हेच. म्हणून त्याचे पोपडेही निघत नाहींत आणि खालच्या ओलीशीं त्याचें वैर नाहीं. मात्र आम्ल तो अडवीत नाहीं व बराच काळ साचलेलें तेलही पूर्ण थोपवीत नाहीं. सांडलेलें लगेच पुसणाऱ्याच्या घरीं तो पुष्कळ झाला. माझ्या मतें आमच्या बहुसंख्य सभासदांच्या बहुतेक जमिनीला हाच योग्य व स्वस्त उपाय आहे.

दुसरी जात इपॉक्सीची. ही राळ स्वित्झर्लंडमध्यें कास्टान व अमेरिकेंत ग्रीनली यांच्या संशोधनांतून १९३० ते १९५० च्या दरम्यान पुढें आली. राळ व तिचा हार्डनर हे दोन भाग मिसळतांच त्यांचा संयोग सुरू होतो व कठीण थर बनतो. तेल, डिझेल व वंगण यांस तो उत्तम दाद देत नाहीं. सौम्य आम्ल तो कांहीं वेळ सोसतो. तीव्र आम्लाची जागा असेल तर नोव्होलॅक जातीचा इपॉक्सी मागावा. त्याचे दोष दोन : उन्हांत तो पिवळा पडतो व त्यावर खडूसारखी भुकटी येते, आणि खालून ओल आली तर तो सुटतो. म्हणून समोरून उघड्या शेडींत जेथवर ऊन येतें तेथवर इपॉक्सीवर पॉलियुरेथेनचा एक हात द्यावा, कारण त्याच्या योग्य जातीस उन्हाची बाधा कमी होते. दुधाच्या व गुऱ्हाळाच्या जागेंत गरम पाण्यानें धुणें असतें. तेथें सिमेंट मिसळलेला पॉलियुरेथेनचा जाड थर अधिक टिकतो, पण तो महाग असून जाणत्या कारागिराचेंच काम आहे.

तिसरी जात साध्या तेलरंगाची. ती जमिनीवर मुळींच लावूं नये. सिमेंटमधील चुना त्या तेलाचा साबण करून टाकतो. एवढें सांगून हा प्रकार सोडून देतों.

येथें हिशेबाची एक गोष्ट आहे, ती प्रत्येकानें गांठीं बांधावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर देण्यास बरोबर एक लिटर माल लागतो. वीस फूट लांब व बारा फूट रुंद अवजारघराची जमीन २४० चौरस फूट, म्हणजे सुमारें २२ चौरस मीटर भरते. वाळल्यावर एक दशांश मिलिमीटर उरेल असा रंग दिला तर सव्वादोन लिटर माल पुरतो. दोन मिलिमीटरचा थर द्यावयाचा तर राळ आणि तिच्यांत मिसळलेली वाळू मिळून सुमारें ४५ लिटर माल लागतो. दोन्हींच्या डब्यावर नांव इपॉक्सीचेंच. अंतर मात्र वीसपट. शिवाय ज्या रंगांत निम्मा भाग पाण्याचा किंवा उडून जाणाऱ्या द्रवाचा असतो, त्याचा वाळल्यावर निम्माच थर उरतो. तेव्हां ‘इपॉक्सी काय भाव?’ असें न विचारतां ‘वाळल्यावर किती जाडीचा थर राहील?’ असें विचारावें. जो विक्रेता याचें उत्तर देत नाहीं त्याच्याकडून माल घेऊं नये.

कामाच्या रीतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण लेप फसतो तो बहुधा येथेंच. नव्या कोब्याला किमान सात दिवस, व उन्हाळ्यांत दहा ते चौदा दिवस, गोणपाट अंथरून पाणी मारावें. आणि टाकल्यापासून २८ दिवस होईपर्यंत त्यावर लेपाचें नांव काढूं नये. ट्रॅक्टरच्या वजनाला एकास दीड व तीन या प्रमाणाचें पांच ते सहा इंच काँक्रीट असावें, दर दहा-बारा फुटांवर सांधा कापावा, आणि दर आठ फुटांस एक इंच असा उतार दाराकडे न देतां एका लहान खड्ड्याकडे द्यावा, म्हणजे सांडलेलें अंगणांत जाणार नाहीं.

जुन्या कोब्यावरील तेलाचे डाग धुण्याचा सोडा व गरम पाणी घालून तारेच्या ब्रशानें घासावे व हें दोन-तीनदां करावें. मग त्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे असें समजावें. मिनिटाच्या आंत जिरले तर जागा लेपास तयार आहे. जेथें तेल खोलवर मुरलें असेल तेथें तेवढा भाग टांकीनें काढून नवा भरणें हाच उपाय होय. कांहीं लोक मुरियाटिक आम्लानें जमीन धुतात. त्यानें सिमेंटची साय निघते, पण तेल निघत नाहीं, आणि नंतर मुबलक पाण्यानें न धुतल्यास लेपाचेंच नुकसान होतें. घांसण्याचें यंत्र भाड्यानें आणून वरची साय खरवडणें अधिक चांगलें. त्या वेळीं नाकातोंडावर चांगला मास्क असावा, कारण ती धूळ फुप्फुसाला घातक आहे.

इपॉक्सी कालवल्यावर तो बालदींतच तापूं लागतो. उन्हाळ्याच्या दुपारीं मोठा घाणा कालवला तर अर्धा पसरेपर्यंत उरलेला दगड होतो. म्हणून सकाळीं काम करावें व थोडाथोडा माल कालवावा. हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ हून अधिक असेल त्या दिवशीं काम ठेवूं नये. लेपावर पांढुरकी, चिकट झांक येते. कार्तिक ते फाल्गुन हा काळ आपल्याकडे उत्तम. हार्डनर कातडीला लागल्यास कित्येकांना कायमची खाज जडते, तेव्हां हातमोजे घालावे व हात थिनरनें धुऊं नयेत. आणि शेवटच्या हाताच्या आधींचा हात ओला असतांनाच त्यावर चाळलेली, कोरडी, भरड वाळू भुरभुरावी. चमक कमी होईल, पण पाय ठरेल. आमच्या गड्याचें मनगट त्या मूठभर वाळूनें वांचलें असतें.

एवढा खटाटोप व खर्च लहान शेतकऱ्यानें करावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर हेंच कीं, सगळी जमीन लेपण्याची गरजच नाहीं. अवजारघराचा एक कोपरा, समजा सहा फूट रुंद व आठ फूट लांब, गळतीच्या कामासाठीं राखून ठेवावा. तेल बदलणें, औषध मापणें, पंप धुणें, बॅटरी उतरविणें हीं सर्व कामें तेथेंच व्हावीं. ही जागा मघांच्या अवजारघराचा पांचवा हिस्सा होते. तिला दोन मिलिमीटर जाडीचा पक्का थर देण्यास नऊ लिटरच्या आसपास माल पुरतो. कोपऱ्याच्या उघड्या दोन बाजूंस दोन इंच उंचीचा कठडा घालावा व भिंतीवर चार इंच लेप चढवावा, म्हणजे सांडलेलें तेथेंच राहील. उरलेल्या जमिनीला सिलिकेटचा हात द्यावा. बॅटरीखालीं प्लॅस्टिकचें घमेलें, खतपोत्यांखालीं फळ्या, आणि दाराशीं राखेचा किंवा भुशाचा डबा ठेवावा. सांडलें कीं त्यावर राख टाकून लगेच भरावें. तेलानें भिजलेला भुसा मात्र छपराखालीं ढीग करून ठेवूं नये, कारण तो आगीला निमंत्रण देतो. सगळ्या जमिनीवर पातळ चमक देण्यापेक्षां एका कोपऱ्यांत जाड व प्रामाणिक काम करणें शतपटीनें बरें.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या मंडळींचा : शेणानें सारवलेल्या जमिनीला काय झालें? काहींच झालें नाहीं. बैलांच्या गोठ्याला, धान्याच्या खळ्याला ती अजूनही शोभते. परंतु तिच्यावर जें पडे तें सारें मातींतून आलेलें व मातींत जाणारें होतें. आजचीं तेलें व औषधें तशीं नाहींत. वस्तु बदलल्या तर जमीनही बदलली पाहिजे.

आमच्या सोसायटीनेंही या बाबतींत दोन गोष्टी मनावर घ्याव्या. घांसण्याचें एक यंत्र सभासदांना आळीपाळीनें भाड्यानें मिळण्याची सोय करावी; आणि लेपाचा माल दहा-वीस सभासदांच्या नांवें एकत्र मागवून, जाडीचा करार लेखी करून घ्यावा. एकट्या शेतकऱ्यास दुकानदार तक्ता दाखवितो. सोसायटीस त्याला हिशेब दाखवावा लागेल.

आपण विहिरीच्या पाण्याची, बियाण्याची, बैलाच्या खुराची काळजी घेतों. ज्या जमिनीवर आपलीं माणसें रोज अनवाणी उभीं राहतात तिची काळजी घेणें हें त्याच काळजीचें अंग होय. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस प्रत्येक सभासदानें निदान तो दीड फुटाचा पॉलिथीनचा तुकडा आपल्या जमिनीवर चिकटवून पाहावा, एवढीच विनंती आहे. जमीन काय सांगते तें आधीं ऐकावें, मग दुकानांत जावें.

— एक सभासद